मार्जिन लागलं तेव्हा: स्तनाच्या दुसऱ्या ऑपरेशनचा एक निर्णय

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात, स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. इथे मांडलेलं प्रकरण त्या रुग्णाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तपासण्या, रिपोर्ट आणि निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे. त्या शाळेत शिकवतात, घरीदारी सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही इथे बाईच म्हणते.

पार्श्वभूमी

बाई ५३ वर्षांच्या. सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतात, मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतात. मिस्टर निवृत्त, मुलगा हिंजवडीत नोकरीला, मुलगी बंगळुरूला. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. आंघोळीच्या वेळी उजव्या स्तनात, काखेच्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून ‘पाण्याची असेल’ असं म्हणत दोन महिने गेले. दहावीचे जादा तास संपल्यावर त्या दाखवायला आल्या.

मॅमोग्राफीत १.८ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि तिच्या खालच्या अंगाला चुन्याचे बारीक कण एका रेषेत पसरलेले दिसले. बायोप्सीत कॅन्सर निघाला: ग्रेड ३ (म्हणजे वेगाने वाढणाऱ्या पेशी), हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू हे वाढ वेगाने करणारं प्रथिन निगेटिव्ह. काखेत हाताला किंवा सोनोग्राफीत काही लागत नव्हतं. सर्जननी स्तन न काढता गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढायचं ठरवलं. काखेतल्या ज्या गाठींकडे (या शरीरात मुळातच असलेल्या लसिका ग्रंथी) स्तनाचा निचरा सर्वांत आधी पोचतो, त्या सेंटिनल गाठी तेवढ्या तपासणीसाठी काढायच्या होत्या. ऑपरेशन ऑगस्टच्या अखेरीस झालं. दुसऱ्या दिवशी बाई घरी गेल्या.

अडचण

नवव्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. गणपती बसायला तीन दिवस होते.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी खटकणाऱ्या होत्या. एक, मुख्य गाठ पूर्ण निघाली होती, पण तिच्या बाजूला डीसीआयएस होतं, म्हणजे दुधाच्या नळीतच असलेल्या, नळीची भिंत न ओलांडलेल्या कॅन्सर पेशी. खालच्या कडेला या पेशी शाईला टेकल्या होत्या. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात. शाई लागलेल्या कडेवर कॅन्सर पेशी दिसल्या तर ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ म्हणतात. आमच्याकडच्या बोलीत ‘मार्जिन लागलं’. याचा अर्थ आत थोडं राहिलं असण्याची शक्यता आहे. राहिलंच आहे असा होत नाही. दुसरी गोष्ट, तीन सेंटिनल गाठींपैकी एकीत कॅन्सरचा ४ मिलिमीटरचा ठिपका सापडला होता.

मुलाने रिपोर्ट फोनवर वाचला आणि घरात दोन वाक्यं पोचली: ‘अर्धवट काढलंय’ आणि ‘काखेत पसरलाय’. पहिलं वाक्य चुकीचं होतं, दुसरं अर्धंच खरं होतं, आणि दोन्ही गैरसमजांना आम्ही जबाबदार होतो. गाठच काढण्याच्या ऑपरेशननंतर साधारण पाचातल्या एकीला मार्जिनसाठी परत टेबलावर जावं लागतं, हे जगभरातलं प्रमाण आहे. ते पहिल्या संमतीपत्राच्या वेळी नीट, बसवून सांगायला हवं होतं. फॉर्मवर एक ओळ होती. तिच्यावर सही होती. ती ओळ कुणी वाचून दाखवली नव्हती, मीही नाही.

गौरीजेवणाचा दिवस

पुढचा आठवडा या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

बाईंकडे गौरी बसतात. सगळं सासर जमतं. बाईंच्या हाताला ऑपरेशनची ओढ होती, म्हणून सोळा भाज्या जावांनी केल्या, आणि जेवणाच्या पंगतीत बाईंच्या स्तनाचं काय करायचं यावर चर्चा झाली. नणंदेचा स्वतःचा पंधरा वर्षांपूर्वी स्तन काढलेला. त्या ठणठणीत आहेत. त्या म्हणाल्या, ‘मी काढूनच टाकलं वहिनी, आणि सुटले. तुम्ही कशाला तुकड्यातुकड्याने कापून घेताय?’ मुलीने फोनवरून सांगितलं, ‘आई, दोन्ही काढून टाक, म्हणजे काळजीच नको.’ मुलाचं म्हणणं काखेतल्या सगळ्या गाठी काढून घ्याव्यात. दिरांनी ‘टाटाला दाखवा’ म्हटलं. मिस्टर काही बोलले नाहीत.

नणंदेचा अनुभव खरा आहे आणि त्याला मान द्यायला हवा. पण त्यांची गाठ पाच सेंटिमीटरच्या वर होती, स्तन काढणं हाच त्यांच्यासाठी तेव्हा योग्य उपाय होता. घरातल्या एकीचा बरा झालेला आजार हा दुसरीच्या आजाराचा नकाशा होत नाही, पण पंगतीत हे कुणी आणि कसं सांगायचं?

गौरी गेल्यावर सोमवारी मुलगा आणि मिस्टर माझ्याकडे आले. मी त्यांच्याशी पाऊण तास बोलले. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. ही माझी दुसरी चूक.

एका प्रश्नाचे चार प्रश्न

‘काढून टाकायचं का?’ असा एकच प्रश्न घेऊन ते आले होते. त्यात खरं तर चार वेगळे प्रश्न गुंतलेले होते: कडेला राहिलेल्या पेशींचं काय, काखेचं काय, दुसऱ्या स्तनाचं काय, आणि यातलं कुठलं आज ठरवणं भाग आहे. त्या गुरुवारी ट्यूमर बोर्डात सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिएशनच्या डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी हे प्रश्न सुटे करून पाहिले.

*कडेचं काय.* तीन मार्ग होते. पहिला, तसंच सोडून रेडिएशनवर भिस्त ठेवायची. कड पॉझिटिव्ह असताना त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचा धोका निदान दुप्पट होतो आणि रेडिएशनचा जादा डोस तो भरून काढत नाही, म्हणून हा मार्ग बोर्डाने बाजूला ठेवला. दुसरा, त्याच टाक्यातून जाऊन फक्त खालच्या कडेचा आणखी एक पदर काढायचा. तिसरा, पूर्ण स्तन काढायचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात निवड करताना घरातल्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती: जास्त काढलं म्हणजे जास्त वाचलं. ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅल्स्टेड यांच्या मोठ्या ऑपरेशनपासून डॉक्टरांमध्येही होती. ती मोडली अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांच्या अभ्यासांनी. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या. त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण मात्र सारखं नव्हतं. वेरोनेसींच्या अभ्यासात स्तन वाचवलेल्यांत ते ८.८ टक्के होतं, स्तन काढलेल्यांत २.३ टक्के. म्हणजे स्तन काढल्याने तिथे परत उगवण्याची भीती कमी होते, आयुष्य त्याने वाढत नाही. आजच्या औषधांमुळे दोन्ही आकडे त्या काळापेक्षा खाली आले आहेत.

सर्जननी इथे एक फार महत्त्वाची गोष्ट केली. निर्णयाआधी त्यांनी उजव्या स्तनाची मॅमोग्राफी पुन्हा करून घेतली. पहिल्या फोटोतले चुन्याचे कण अजून मागे असते, तर डीसीआयएस लांबवर पसरलंय असं मानावं लागलं असतं आणि स्तन काढण्याकडे पारडं झुकलं असतं. दुखऱ्या स्तनावर मॅमोग्राफी करून घेणं सोपं नाही. बाईंनी ओठ आवळून ती करून घेतली. टाक्याच्या खालच्या कडेजवळ दोन-तीन कण तेवढे उरले होते. म्हणजे एक छोटा पदर काढून काम भागण्याची चांगली शक्यता होती.

*काखेचं काय.* मुलाचा आग्रह इथे सर्वांत जास्त होता. गाठ लहान, काखेत हाताला काही लागत नाही, एक किंवा दोन सेंटिनल गाठी पॉझिटिव्ह, स्तन वाचवलेला आणि पूर्ण स्तनाला रेडिएशन मिळणार, अशा स्त्रियांमध्ये काखेतल्या बाकीच्या गाठी काढल्या काय आणि न काढल्या काय, जगण्यात फरक पडत नाही. झेड-००११ या अभ्यासाने हे दाखवलं, आणि त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली आले. बाई त्या वर्णनात चपखल बसत होत्या. गाठी सरसकट काढण्याची किंमत हात मोजतो. अमारोस नावाच्या युरोपीय अभ्यासात काखेच्या गाठी काढलेल्यांपैकी २३ टक्के स्त्रियांना पाच वर्षांनी हाताला सूज होती; त्याऐवजी काखेला रेडिएशन दिलेल्यांत ती ११ टक्के. बाईंचा हा उजवा हात होता, फळ्यावर लिहिणारा.

इथे एक गुंता होता, जो घरच्यांना मी आकृती काढून दाखवला. स्तन पूर्ण काढला तर ‘पूर्ण स्तनाला रेडिएशन’ ही अटच गळून पडते आणि काखेचा प्रश्न नव्याने उघडतो. शिवाय गाठीत कॅन्सर सापडलेला असल्याने, स्तन काढूनही छातीला आणि काखेला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागण्याची शक्यता होतीच. ‘काढलं की शेक टळेल’ हे घरच्यांनी धरून चालवलं होतं. ते तसं नव्हतं.

*दुसऱ्या स्तनाचं काय.* आनुवंशिक दोष नसलेल्या स्त्रीला दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याचा धोका वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असतो, आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी तो आणखी उतरतो. निरोगी स्तन काढून अशा स्त्रीचं आयुष्य वाढत नाही. पण बीआरसीए या जनुकांत दोष असेल तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि हिशेब बदलतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या कॅन्सरनंतर वीस वर्षांत दुसऱ्या स्तनात कॅन्सर होण्याचं प्रमाण बीआरसीए-१ मध्ये ४० टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये २६ टक्के होतं.

मग जनुक तपासणी आधीच का केली नव्हती? फाईलमध्ये कौटुंबिक इतिहासात लिहिलं होतं: ‘मावशी, पोटाचा कॅन्सर’. आपल्याकडे ‘पोटाचा’ या शब्दात जठर येतं, आतडं येतं आणि स्त्रियांच्या बाबतीत बहुतेकदा बीजांडकोशही येतो, कारण त्याचं नाव घ्यायला घर संकोचतं. मी बाईंना विचारलं, ‘मावशींच्या पोटात पाणी व्हायचं का? पिशवी काढली होती का?’ त्या म्हणाल्या, ‘हो, दोन्ही. पिशवी आणि बाजूचं सगळं काढलं होतं.’ जुनी कागदपत्रं मावसभावाकडे मिरजेला होती. त्याने फोटो पाठवले. बीजांडकोशाचाच कॅन्सर होता. रक्त तपासणीला गेलं. रिपोर्टला महिना लागणार होता.

बाई काय म्हणाल्या

त्याच गुरुवारी मी बाईंशी पहिल्यांदा एकटीने बोलले. मुलाला चहाला पाठवलं. मला वाटलं होतं त्या स्तन गमावण्याबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्यांदा टेबलावर जायची मला भीती नाही. तिसऱ्यांदा जावं लागेल, चौथ्यांदा जावं लागेल, आणि दरवेळी घरात पुन्हा सभा भरेल, याची आहे.’

थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘ताई, मला तो ठेवायचाय. पण हे बोलायला लाज वाटते. या वयात कशाला हवंय, असं म्हणतील.’

वय ५३ असो की ७३, हवंय म्हणणं हे पुरेसं कारण आहे. मी त्यांना तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की नको वाटलं असतं, तर काढणंही तितकंच योग्य ठरलं असतं. त्यांच्या खऱ्या भीतीवर मात्र उपाय होता आणि तो सर्जनकडे होता.

ठरलं ते

दुसऱ्या दिवशी सर्जन, बाई, मिस्टर आणि मी बसलो. बाईंनी स्वतः अट मांडली: एकदाच. फक्त कड काढायची. तिथेही मार्जिन लागलं, तर त्या पूर्ण स्तन काढायला तयार आहेत, तेव्हा पुन्हा चर्चा नाही. सर्जननी ती मान्य केली आणि फाईलवर तशी नोंद केली. मिस्टरांनी तेव्हा तोंड उघडलं. ‘ती म्हणेल तसं,’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनीच बहिणीला आणि मुलांना फोन करून कळवलं. बाईंना कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

काखेला हात लावायचा नाही, रेडिएशनमध्ये काखेचा भाग धरायचा असं ठरलं. दुसऱ्या स्तनाचा प्रश्न जनुकाच्या रिपोर्टपर्यंत बाजूला ठेवला. मुलीला हे पटत नव्हतं: एवीतेवी भूल देताय तर एकदमच का नाही? तिला दोन कारणं दिली. एक तर दोन्ही बाजूंच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये जखम चिघळली तर केमो लांबते, आणि ग्रेड ३ मुळे केमो ठरलेली होती. दुसरं, आत्ता कड काढल्याने पुढचा कुठलाच दरवाजा बंद होत नव्हता. रिपोर्ट वाईट आला तर केमोनंतर, शांतपणे, दोन्ही बाजूंचा विचार करता येणार होता.

उशिराबद्दलही एक गोष्ट सांगावी लागली. रिपोर्ट आल्या आठवड्यात ठरवलं नाही तर कॅन्सर पसरेल, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. केमो ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या पलीकडे गेली तर नुकसान होतं. विचार करायला घेतलेल्या दहा-पंधरा दिवसांनी होत नाही. दिरांच्या समाधानासाठी याच दिवसांत स्लाइड आणि ब्लॉक (तपासलेल्या भागाच्या काचा आणि मेणात ठेवलेले तुकडे) नेऊन शहरातल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं आणि दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं. ते जुळलं. मेडिक्लेमवाल्यांनी ‘महिन्यात दुसरं ऑपरेशन का’ म्हणून कागद परत पाठवला, त्यात दोन दिवस गेले. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची प्रत आणि सर्जनचं पत्र जोडल्यावर मंजुरी आली.

काय झालं

चोविसाव्या दिवशी दुसरं ऑपरेशन झालं. दुपारी भूल, संध्याकाळी चहा, दुसऱ्या दिवशी घरी. काढलेल्या पदरात ५ मिलिमीटरचं डीसीआयएस होतं आणि नवी कड त्यापासून ३ मिलिमीटर मोकळी होती. रेडिएशन घेणार असलेल्या रुग्णाच्या डीसीआयएससाठी २ मिलिमीटर पुरेसे मानतात. हा रिपोर्ट बाईंनी मुलाच्या आधी स्वतः वाचला.

जनुकाचा रिपोर्ट केमो सुरू व्हायच्या आठवड्यात आला, आणि तो ‘हो’ही नव्हता, ‘नाही’ही नव्हता. बीआरसीए-२ मध्ये ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ सापडला होता. मुलीने फक्त बीआरसीए हा शब्द पाहिला आणि रात्रीच्या बसने पुण्याला आली. अशा बदलाला दोष समजून ऑपरेशन करायचं नसतं. पुढे उलगडा झालेल्या अशा बदलांपैकी बहुतेक निरुपद्रवी ठरतात. जनुक समुपदेशकांनी तासभर बसून हे सांगितलं तेव्हा मुलगी रडली. ती आईसाठी जितकी घाबरली होती तितकीच स्वतःसाठीही, हे मला तेव्हा कळलं. ‘दोन्ही काढ’ म्हणण्यामागे काय होतं, ते मी आधी तिला विचारायला हवं होतं. या बदलाच्या आधारावर तिची तपासणी करून काही हाती लागणार नव्हतं. मावशीचा आणि आईचा इतिहास धरून तिच्या स्वतःच्या तपासण्या कधी सुरू करायच्या, ते तिला लिहून दिलं.

दुसरा स्तन काढला नाही. चार केमो झाल्या, दर एकवीस दिवसांनी. मग रेडिएशन: पंधरा दिवस पूर्ण स्तनाला आणि काखेला, पाच दिवस गाठीच्या जागेला. सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून रोज रिक्षाने येणं केमोपेक्षा जास्त थकवतं, असं बाई म्हणायच्या. आता हार्मोन रोखणारी लेट्रोझोलची गोळी रोज चालू आहे आणि हाडांसाठी कॅल्शियम. उजवा स्तन डाव्यापेक्षा लहान दिसतो, खालच्या बाजूला खळगा आहे. हाताला सूज नाही.

आज पुन्हा करायचं तर

पहिल्या संमतीच्या वेळीच ‘पाचातल्या एकीला परत यावं लागतं’ हे तोंडी, घरच्यांसमोर सांगायचं. आम्ही आता सांगतो. बाईंच्या घरातला ‘अर्धवट काढलं’ हा राग त्याने वाचला असता, आणि डॉक्टरांवरचा विश्वास परत मिळवण्यात गेलेले दिवसही.

कौटुंबिक इतिहासात ‘पोटाचा’ लिहून पुढे जायचं नाही. कुठल्या डॉक्टरांनी काय काढलं, पोटात पाणी झालं होतं का, वय काय होतं, हे विचारायचं. बायोप्सीच्या वेळी हे विचारलं असतं तर जनुकाचा रिपोर्ट दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी हातात असता. इथे रिपोर्टने निर्णय बदलला नाही. दुसऱ्या एखादीच्या बाबतीत तो बदलला असता, आणि तिला तिसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं असतं.

मला सर्वांत जास्त सलतो तो सोमवारचा पाऊण तास. मुलगा रिपोर्ट घेऊन आत येतो, इंग्रजी वाचतो, पैशाचं पाहतो, म्हणून आपण त्याच्याशी बोलायला लागतो. आता माझ्या खोलीत पहिली दहा मिनिटं फक्त रुग्ण बसते. काही घरांना ते आवडत नाही.

एका मुद्द्यावर अजून आमच्यात एकमत नाही. चुन्याचे कण रेषेत पसरलेले पहिल्याच मॅमोग्राफीत दिसत होते. पहिल्या ऑपरेशनमध्येच खालच्या बाजूने जास्त भाग घ्यायला हवा होता, असं आमच्या रेडिओलॉजिस्टचं म्हणणं आहे. सर्जन म्हणतात, तेवढा घेतला असता तर स्तनाचा आकार आणखी बिघडला असता आणि पाचातल्या चौघींच्या बाबतीत तो विनाकारण घेतला गेला असता. दोघांचीही बाजू मला समजते.

बाई दर सहा महिन्यांनी येतात. मागच्या वेळी मॅमोग्राफी स्वच्छ होती. जनुकाच्या प्रयोगशाळेकडे त्या बदलाबद्दल नवी माहिती आली का, हे दर वर्षी विचारायचं असतं. ते पत्र त्या स्वतः लिहितात, सुवाच्य अक्षरात, आणि पोच मिळाली की प्रत माझ्या टेबलावर ठेवून तासाला जातात. या वर्षीचं उत्तर अजून यायचं आहे.